आमच्या नावावर मीटर नाही, मंत्रिमहोदय

माननीय ऊर्जामंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

मी सत्तावीस वर्षांची आहे आणि तीन मैत्रिणींसोबत भाड्याच्या घरात राहते. आमचं वीजमीटर जिन्याखाली आहे. एक युनिट जळेपर्यंत त्यावरचा लाल दिवा ३२०० वेळा लुकलुकतो, असं त्याच्यावरच छापलंय. उकाड्याच्या दिवसांत रात्री घरी परतताना तो भराभर लुकलुकताना दिसला, की पोटात गोळा येतो. बिल आम्ही चौघी भरतो, पण त्यावर नाव घरमालकांचं असतं. छतही त्यांचंच.

तरुणांनी पुढाकार घ्यावा, असं हवामानबदलावरच्या बहुतेक कार्यक्रमांत आम्हाला सांगितलं जातं. त्यामागे एक समज असतो, की ही पिढी बोलते फार आणि करत काही नाही. तो समज मला खोडायचा आहे.

काळजीचं म्हणाल, तर ती मोजून झाली आहे. २०२१ साली ‘लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ’ या नियतकालिकात दहा देशांतल्या १६ ते २५ वयोगटातल्या दहा हजार जणांची पाहणी प्रसिद्ध झाली. हवामानबदलाची खूप किंवा प्रचंड काळजी वाटते, असं ५९ टक्के जणांनी सांगितलं. या भावनांचा रोजच्या जगण्यावर वाईट परिणाम होतो, असं ४५ टक्के जण म्हणाले. मूल होऊ द्यावं की नाही याबद्दल मन कचरतं, असं म्हणणारे ३९ टक्के होते. हा शेवटचा आकडा माझ्या डोक्यातून जात नाही. आमच्यातली एक जण मध्यंतरी भांडी विसळता विसळता अगदी सहज म्हणाली, ‘मला मूल नकोच.’ कारण आम्हाला ठाऊक होतं. तिची समजूत काढायला कुणी पुढे झालं नाही.

राहिला कृतीचा प्रश्न. २०१९ मध्ये पॅसिफिक बेटांवरच्या विद्यापीठात कायदा शिकणाऱ्या २७ विद्यार्थ्यांनी ठरवलं, की हवामानाचा प्रश्न आंतरराष्ट्रीय न्यायालयात न्यायचा. वानुआतूसारख्या छोट्या देशाने त्यांचं म्हणणं उचलून धरलं, मार्च २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ते मंजूर केलं आणि २३ जुलै २०२५ रोजी न्यायालयाने मत दिलं, की हवामानाचं रक्षण करणं हे देशांचं कायदेशीर बंधन आहे. वर्गात सुरू झालेली गोष्ट सहा वर्षांत तिथवर पोचली. एवढं करून दाखवणाऱ्या पिढीला आळशी म्हणू नका.

आमचंही चुकतं, हे मान्य. फोन लवकर बदलतो, गरज नसताना कपडे मागवतो, स्वस्त तिकीट दिसलं की विमानाने जातो. त्याचा जाब आम्हाला जरूर विचारा.

पण विजेचं तसं नाही. तिथे इच्छा असून हात बांधलेले आहेत. २०१० नंतरच्या तेरा वर्षांत सौरविजेचा खर्च जगभरात सुमारे ९० टक्क्यांनी उतरला. तो फायदा घ्यायला आधी छत लागतं, आणि आमच्या वयाच्या कितीतरी जणांकडे ते नाही. माझा एक मित्र छतांवर सौर पॅनल बसवण्याचं काम करतो. भर दुपारी पट्ट्याने स्वतःला बांधून घेऊन तो उतरत्या छतावर बोल्ट आवळतो. एक पॅनल साधारण सव्वादोन मीटर लांब असतं, दोघांनी मिळून वर चढवावं लागतं. संध्याकाळी तो ज्या खोलीत परततो, तिथे त्याला खिडकीबाहेर तळहाताएवढं पॅनल लावायचीही परवानगी नाही.

यावर उपाय आहेत, आणि ते करून पाहिलेले आहेत. जर्मनीत सज्जाच्या कठड्याला अडकवून थेट प्लगमध्ये लावता येणारे छोटे सौरसंच मिळतात. २०२४ मध्ये त्यांची मर्यादा ८०० वॉटपर्यंत वाढवली गेली, आणि त्याच वर्षी भाडेकरूंचा कायदाही बदलला. आता सबळ कारण नसेल तर घरमालकाला नाही म्हणता येत नाही. डेन्मार्कमध्ये कोपनहेगनच्या किनाऱ्यासमोर २००० सालापासून मिडलग्रुंडेनच्या २० पवनचक्क्या उभ्या आहेत. त्यातला निम्मा हिस्सा हजारो सामान्य माणसांच्या सहकारी संस्थेचा आहे. हिस्सा घ्यायला त्यांच्यापैकी कुणाला स्वतःचं छत लागलं नाही.

मला यातलं दुसरं जास्त महत्त्वाचं वाटतं. सज्जा सगळ्यांना नसतो आणि असला तरी त्यावर ऊन येतंच असं नाही. त्याऐवजी कुठल्याही सामायिक सौरप्रकल्पात भाडेकरूला थोडा हिस्सा विकत घेता यावा, त्यातून तयार झालेली वीज त्याच्या बिलातून वजा व्हावी, आणि घर बदललं की तो हिस्सा त्याच्यासोबत नव्या मीटरवर यावा. ही शेवटची अट गाळू नका. आम्ही एका घरात फार काळ टिकत नाही. भाडं वाढतं, नोकरी बदलते. पंचवीस वर्षं वीज देणारं पॅनल अकरा महिन्यांच्या करारावर कोण बसवेल?

मागच्या महिन्यात मी सौर अनुदानाचा ऑनलाइन अर्ज भरायला बसले होते. नाव, पत्ता, ग्राहक क्रमांक भरून झाला. पुढच्या रकान्यात ‘मालकीचा पुरावा’ असं होतं आणि शेजारी लाल चांदणी. मी भाडेकरार जोडून पाहिला, घरमालकांचं संमतीपत्रही जोडलं, तरी पान पुढे सरकलं नाही.

त्या रकान्याखाली ‘भाडेकरू’ असा आणखी एक पर्याय द्या. अर्ज भरायला आम्ही चौघी तयार आहोत.

आपली विश्वासू,
एक भाडेकरू