वारा थांबल्यावर कोणी काय करायचं, सर्वांनी वाचा

राम राम मंडळी, परवाच्या वादळात केळी घडासकट आडवी झाली आणि आपण तासभर ग्रुपवर फोटोच टाकत बसलो, तसं आता नको भो. वारा थांबला की प्रत्येक गल्लीतल्या दोघांनी आधी एकट्या म्हाताऱ्या माणसांची घरं बघायची, पत्रे उडाले का ते. तार तुटलेली दिसली तर लाइट गेलीये म्हणून हात लावू नका, कोणाच्या जनरेटरचा करंट उलटा येतो, तिथं माणूस उभा करा आणि वीज कंपनीच्या १९१२ ला फोन लावा. जखमीसाठी १०८, जिल्हा आपत्ती कक्ष १०७७. कटर, दोर, ट्रॅक्टर कोणाकडे आहे ते आजच खाली लिहा. आणि पंचनाम्याआधी बाग साफ करू नका, फोटो तेव्हा काढा की पाहिजे तेवढे.