सुमे, बाबांशी बोलताना तू हवीस

नागपूर, बुधवार

प्रिय सुमे,

इकडे सगळे बरे. माझं बीपी गोळीवर शांत आहे.

परवा समृद्धीवरून नाशिकला जाऊन आले. मिनू काम करते त्या वायनरीत, अन् चाखायलाच! बाबांची लेक वाइनचा ग्लास धरून उभी. तुझं हसणं वर्ध्याहून इथवर ऐकू येतंय, पुरे आता.

आधी शिराझ. कच्चं जांभूळ खाल्ल्यागत जीभ आवळली. मिनू म्हणे, लाल वाइनचा रस सालींसकट आंबवतात. रंग तिथला अन् तुरटपणाही तिथलाच. थुंकायला भांडं असतं, त्यात थुंकले. शेवटी इवल्या ग्लासात थंडगार, सोनेरी शेनिन ब्लाँ आली. तिची द्राक्षं उशिरा तोडतात. वेलीवरच पाणी उडून साखर दाटते, अन् आंबणं मध्येच थांबवलं की गोडी उरते. सुमे, ती मात्र थुंकवली नाही.

तेव्हाच मिनू बोलली. नोकरी सोडून काटोलला येते म्हणाली, आपल्या संत्र्यांची अशीच गोड वाइन करायला. आंबिया बहाराची बारकी फळं व्यापारी बाजूला काढतो, मातीमोल जातात, हे मी दरसाल बघते. संत्र्यात द्राक्षाएवढी साखर नाही, वरून घालावी लागते. बिया चिरडल्या तर कडू होतं. पोरीनं सारं करून पाहिलंय. धंद्याची भीती मला नाही गं.

बाग बाबांनी लावलेली, सातबारा त्यांच्याच नावावर. अन् वर्ध्याची १९७४ची दारूबंदी हा त्यांच्या आयुष्याचा अभिमान. 'वाइन म्हणजे दारू नाही' असं सांगून मी त्यांची सही घेणार नाही. ती दारूच आहे. बंदीनं बाटली फक्त पिशवीत लपते, असं तू म्हणालीस म्हणून शेगावच्या गाडीत बडनेऱ्यापासून अकोल्यापर्यंत आपण बोललो नव्हतो, आठवतं? मला ते आजही पटत नाही. मंजुळाचं घर आपण दोघींनी पाहिलंय. पण मिनूला नाही म्हणायला तोंड उघडत नाही. ती राबते आहे, चोरून काही करत नाही, अन् बाग तिच्याशिवाय बघणार कोण?

बाबा तुझ्यासमोर चिडत नाहीत. तू काही बोलू नकोस, मी सांगेन. फक्त शेजारी बस.

सूनबाईचे दिवस भरत आले ना? डिंकाचे लाडू आणते. घरमालकाचं काय झालं, कळव.

रविवारी दहाच्या आत बाबांकडे पोच. जेवण झालं की ते झोपतात.

तुझी,
मंदा