न झालेल्या 48 तासांबद्दल

दिनांक : 17 नोव्हेंबर 2025
कोथरूड, पुणे

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : बाथरूम नूतनीकरणात वॉटरप्रूफिंगची चाचणी न करता फरशी बसवल्याबाबत व त्यामुळे झालेल्या गळतीबाबत

महोदय,

14 जून 2025 रोजी आमच्या सदनिकेतील एकुलत्या एक बाथरूम-संडासाच्या नूतनीकरणाचा आपल्या कंपनीशी करार झाला. जीएसटी धरून रक्कम 3,40,000 रुपये. त्यापैकी 3,06,000 रुपये आम्ही ठरलेल्या टप्प्यांवर, एकही हप्ता न चुकवता दिले. उरलेले 34,000 रुपये आम्ही थांबवून ठेवले आहेत आणि त्यासाठी आपल्या हिशेब विभागाचे रोज फोन येतात. फोन करणाऱ्या मुलीला बिचारीला काहीच ठाऊक नसते, म्हणून हे सगळे एकदा लेखी देत आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. ही तक्रार उशिराबद्दल नाही. कामाला 25 दिवस लागतील असे सांगितले होते, प्रत्यक्षात हँडओव्हर गणपतीच्या तोंडावर झाला. तोवर आम्ही समोरच्या बिऱ्हाडात आंघोळी केल्या. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर जेमतेम चालू लागलेल्या सासूबाईंनी आतल्या खोलीत कमोडच्या खुर्चीवर दिवस काढले आणि त्याचा संकोच त्यांच्या चेहऱ्यावर आम्ही रोज पाहिला. देवघरातल्या समईपासून गव्हाच्या डब्याच्या झाकणापर्यंत सगळीकडे सिमेंटची पांढरी पूड. एका सकाळी आपल्या प्लंबरने न सांगता मुख्य लाइनचा कॉक बंद केला आणि ऐन ऑफिसच्या वेळी सगळी विंग कोरडी पडली. राडारोड्याच्या गोण्या जिन्यात तशाच पडून राहिल्या, म्हणून सोसायटीने आमच्या डिपॉझिटमधून पैसे कापले. घरात काम काढले की हे होणारच, असे म्हणून आम्ही सारे सोडून दिले. जे सोडता येणार नाही ते पुढे आहे.

आपल्या कोटेशनच्या दुसऱ्या पानावर वॉटरप्रूफिंगचा तपशील आहे. जुना कोबा काढणे, पाइपांभोवतीचे सांधे भरणे, कोपऱ्यांना गोलाई देणे, केमिकलचे दोन हात (दुसरा हात पहिल्याला आडवा) आणि त्यानंतर "किमान 48 तास पाणी भरून चाचणी, ग्राहकाच्या उपस्थितीत". शेवटचे शब्द आपलेच आहेत. कंपनी निवडताना आम्ही ज्या कारणांनी आपल्याकडे झुकलो त्यांत हे वाक्य होते, कारण आमच्या इमारतीचा स्लॅब तीस वर्षांचा आहे आणि गळती म्हणजे काय हे इथे प्रत्येक मजल्याला ठाऊक आहे.

आता आपल्याच सुपरवायझरने कामाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलेले दोन फोटो पाहा. पहिला 22 जुलैचा, संध्याकाळी 6 वाजून 40 मिनिटांचा : केमिकलचा दुसरा हात नुकताच दिलेला, जमीन ओली चकचकीत. दुसरा 23 जुलैचा, सकाळी 11 वाजून 15 मिनिटांचा : त्याच जमिनीवर मसाला पसरलेला आणि फरशीच्या तीन ओळी बसलेल्या. मध्ये एक रात्र. जुलैतली, भर पावसातली, भिंतींनाही दमटपणा सुटलेली रात्र. त्या हवेत तो हात वाळायलाही जास्त वेळ द्यायला हवा होता. वाळल्यावर पाणी भरून दोन दिवस थांबणे तर दूरच राहिले.

गवंडी कामाचा माणूस होता. "पाणी भरून ठेवू या, घाई नको," असे तो माझ्यासमोर म्हणाला. सुपरवायझरने त्याला गप्प केले, कारण फरशीचा माल येऊन पडला होता आणि त्या टोळीला पुढच्या आठवड्यात दुसऱ्या साइटवर जायचे होते. मी विचारले तर मला उत्तर मिळाले, "काकू, आमचं केमिकल एक नंबर आहे, टेस्टची गरजच पडत नाही." केमिकलच्या डब्यावर काय छापले आहे ते त्यांनी वाचले असते तर बरे झाले असते.

दिवाळीचे फराळाचे ताट द्यायला खालच्या मजल्यावर गेले तेव्हा तिथल्या काकांनी मला हाताला धरून बाथरूमपुढच्या पॅसेजमध्ये नेले आणि वर बोट दाखवले. छताला ओल धरून पिवळसर डाग, कडेने लोणा, मधोमध रंगाचे पोपडे. गेल्या वर्षीच त्यांनी रंग काढला होता. ते मोठ्याने काहीच बोलले नाहीत. बोलले असते तर बरे वाटले असते.

यावर आपल्या कार्यालयाचे पहिले उत्तर होते, "पावसाचं पाणी मुरलं असेल." आमचे बाथरूम इमारतीच्या आतल्या बाजूला आहे, त्याची एकही भिंत पावसाला लागत नाही. शिवाय भाऊबीजेला आम्ही सगळे नाशिकला गेलो होतो. घर बंद होते तेवढ्या दिवसांत डाग सुकत आला आणि परतल्यावर पुन्हा ओला झाला. दुसरे उत्तर होते, "सोसायटीची कॉमन लाइन असेल." सोसायटीने तपासून ती लाइन कोरडी असल्याचे लेखी दिले आहे. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार (नियमावलीनुसार) सदनिकेच्या आतल्या संडास-मोरीतून होणाऱ्या गळतीचा खर्च सभासदाचा असतो, त्यामुळे सेक्रेटरींचे पत्र आता माझ्या नावाने आले आहे.

म्हणून आम्ही पदरचे पैसे देऊन बाहेरचा अनुभवी प्लंबर बोलावला. त्याने आधी भिंतीतल्या पाण्याच्या प्लास्टिक (सीपीव्हीसी) लाइनला पंप लावून दाब दिला. काटा जागचा हलला नाही, म्हणजे पाइप ठीक. मग नहाणी ट्रॅपचे, म्हणजे जाळीखालच्या निचऱ्याचे, तोंड बंद करून जमिनीवर पाणी भरले, भिंतीवर पेन्सिलने पातळीची खूण केली आणि बाथरूमला कुलूप लावले. दुसऱ्या दिवशी पाणी खुणेच्या बरेच खाली उतरले होते आणि खालच्या छतावर डागाच्या मध्यभागी थेंब धरला होता. जी चाचणी आपण फरशीच्या आधी करायची होती, ती आम्ही फरशीच्या नंतर करून घेतली. त्याचा लेखी अहवाल आणि फोटो या पत्राला जोडले आहेत.

त्याच वेळी त्याने एक गोष्ट दाखवली, ती इतकी साधी की मला माझ्याच घरात उभे राहून हसू आले. दाराशी तांब्याभर पाणी ओतले. ते जाळीकडे जायचे सोडून उंबऱ्याकडे वळले आणि चौकटीला लागून साचून राहिले. मिस्त्री लोक ढाळ 80 ला 1 धरतात, म्हणजे आमच्या पाच फुटी बाथरूममध्ये दारापासून जाळीपर्यंत जवळपास दोन सेंटिमीटरचा उतार हवा. इथे उतार आहे, पण उलटा. जास्तीचे पैसे घेऊन आपण अँटीस्किड फरशी विकलीत आणि तिच्यावर कायमचे पाणी ठेवलेत. सासूबाई आंघोळ करून बाहेर पडताना पहिले पाऊल नेमके त्याच पाण्यात पडते. त्यांच्यासाठी म्हणून खास सांगून घेतलेला स्टीलचा दांडाही मागच्या महिन्यात हातात आला. त्यामागची टाइल ठोकली तर बद्द आवाज येतो. आत मसालाच नाही, पोकळीत प्लास्टिकचे गट्टू ठोकून स्क्रू पिळलेले. त्या पडल्या नाहीत, कारण सूनबाई दाराशी उभी होती. हे श्रेय कृपया कंपनीने घेऊ नये.

गीझरबद्दल थोडक्यात : नवी वायर ओढण्याचे पैसे बिलात आहेत, पण गीझर जुन्याच दिव्याच्या वायरीवर जोडला आहे. इलेक्ट्रिशियनने पाहिल्यावर तो आम्ही बंदच ठेवला आहे, आंघोळीचे पाणी गॅसवर तापते.

आता आपल्या ताज्या प्रस्तावाकडे येते. 10 नोव्हेंबरच्या ईमेलमध्ये आपण "सद्भावना म्हणून मोफत इपॉक्सी ग्राउटिंग" करून देऊ असे म्हटले आहे. फरशीच्या सांध्यांमधले भरण (ग्राउट) बदलणे म्हणजे उसवलेल्या गादीवर नवी चादर घालणे. पाणी फरशीखालच्या थरातून उतरते आहे. वरचे सांधे बुजवले की डाग काही महिने थांबेल, आपली 34,000 ची वसुली होईल आणि पुढच्या पावसाळ्यात काकांचे छत पुन्हा ओले होईल. त्याच ईमेलमध्ये पुढे असेही आहे की "10 वर्षांची वॉरंटी" केमिकलच्या कंपनीची आहे, मजुरीची नाही, आणि चाचणीचा दाखला नसेल तर तीही लागू होत नाही. म्हणजे चाचणी आपण करायची नाही आणि दाखला नाही म्हणून वॉरंटीही द्यायची नाही. हा युक्तिवाद ज्यांनी लिहिला त्यांना मला एकदा भेटायचे आहे.

आमची मागणी अशी. बाथरूमची जमीन फोडून जुना थर काढावा, नवे वॉटरप्रूफिंग करावे, ते पूर्ण वाळू द्यावे आणि पाणी भरून पूर्ण 48 तास ठेवावे. या वेळी मी, खालच्या मजल्यावरचे काका आणि आम्ही नेमलेला प्लंबर असे तिघे हजर राहू. पातळीच्या खुणेवर तिघांची सही होईल आणि मगच फरशीला हात लागेल. फरशी पुन्हा बसवताना ढाळ जाळीकडे काढावा आणि तो आम्हाला पाणी ओतून दाखवावा. पोकळ टाइल काढून दांडा पक्का बसवावा, गीझरसाठी स्वतंत्र वायर ओढावी. काकांच्या पॅसेजचे प्लास्टर आणि रंग, बाहेरच्या प्लंबरची फी आणि सोसायटीने कापलेली रक्कम आपण द्यावी. यातला माल आणि मजुरी यांचा एक रुपयाही आम्ही देणार नाही. 34,000 रुपये मात्र आम्ही बुडवणार नाही. काम होऊन महिनाभर खालचे छत कोरडे राहिले की त्याच दिवशी देऊ, हे लेखी घ्या.

हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत कामाची तारीख लेखी कळवावी. न कळवल्यास ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करू. दिलेली रक्कम 5 लाखांच्या आत असल्याने त्यासाठी फी लागत नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे, तेव्हा आम्हाला घाई नाही. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद आधीच केली आहे.

कामाला माणसे पाठवाल तेव्हा दोन गोष्टी लक्षात असू द्याव्यात. सोसायटीत फोडाफोडी सकाळी 10 ते 1 आणि दुपारी 4 ते 6 याच वेळेत चालते, आणि गोण्या त्याच दिवशी खाली गेल्या पाहिजेत. गवंडी शक्य असल्यास तोच पाठवावा. सुपरवायझर मात्र दुसरा.

आपली,
(स्वाक्षरी)
सदनिकाधारक