सायलेन्सर लावला तरी कान झाक

वरणगाव, जि. जळगाव
फेब्रुवारी

चि. भैय्यास अनेक आशीर्वाद.

तिकडे न्यूझीलंडमध्ये शिकारीला सायलेन्सर बसवलेली रायफल वापरायला मिळणार आहे, मग कानाला वेगळं काही लावावं लागेल का, असं विचारलंस. लावावं लागेल. फोनवर सांगितलं तर हो-हो म्हणून सोडून देशील, म्हणून लिहून पाठवतोय. कानाचा भाग आईने सांगितलेला आहे, ती रोज लोकांचे कान तपासते. बंदुकीचा भाग माझा.

शिकारीबद्दल दोनच ओळी. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ती बंद आहे आणि ते बरंच आहे. न्यूझीलंडचं वेगळं: हरीण, ससा, पोटाला पिशवी असलेला पॉसम हे तिथे सगळे बाहेरून आणून सोडलेले. वटवाघळं सोडली तर जमिनीवरचा सस्तन प्राणी त्या बेटांवर मुळात नव्हताच, त्यामुळे त्यांना आवरणं हा तिथे जंगल राखण्याचाच भाग समजतात. आजीला हे पटलेलं नाही, ते तुम्ही दोघं बघून घ्या.

आता बंदुकीच्या बाराचा आवाज. .३०८ या मोठ्या कॅलिबरच्या, सायलेन्सर नसलेल्या रायफलीचा बार मारणाऱ्याच्या कानापाशी साधारण १६० ते १७० डेसिबलपर्यंत जातो. बारा बोअरच्या छऱ्याच्या बंदुकीचा १५० ते १६० च्या घरात. पॉइंट टू-टू (.२२) या हलक्या रायफलीचा १४० च्या आसपास. अशा क्षणिक धमाक्यासाठी मोठ्या माणसाच्या कानाची मर्यादा १४० धरतात, लहान मुलांसाठी १२०. हे आकडे साध्या बेरजेसारखे वाढत नाहीत. दर १० डेसिबलला आवाजाची ऊर्जा दहापट होते, म्हणजे १४० आणि १६५ यांत दिसायला २५ चा फरक, प्रत्यक्षात तीनशे पटींहून जास्त. त्यामुळे "थोडाच तर मोठा आहे" हे म्हणणं इथे चालत नाही.

कानाला स्वतःची एक आडकाठी आहे. मोठा आवाज आला की मधल्या कानातला बारीक स्नायू आकसतो आणि आतली हाडं ताणून धरतो. पण त्याला आकसायला सेकंदाचा काही शतांश भाग लागतो आणि बाराचा दाब काही सहस्रांशात येऊन गेलेला असतो. ढोलताशाला जी आडकाठी थोडीफार कामाला येते ती बंदुकीपुढे उशिरा पोचते. आतल्या कानात पंधरा-सोळा हजार केसपेशी असतात. त्या मेल्या की माणसात पुन्हा येत नाहीत. पक्ष्यांत येतात, हेही आईनेच सांगितलं.

नुकसान पहिल्यांदा ३००० ते ६००० हर्ट्झमध्ये होतं, बहुधा ४००० ला. ढोबळ आवाज सगळे ऐकू येतात, म्हणून वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही. जातात ते स, श, फ सारखे बारीक आवाज. फोनवर समोरचा "साठ" म्हणाला की "आठ" हे कळेनासं होतं आणि आपण म्हणतो, हल्ली लोक तोंडातल्या तोंडात बोलतात. उजव्या खांद्याने मारणाऱ्याचा डावा कान आधी जातो, कारण तो नळीच्या तोंडाकडे असतो आणि उजवा डोक्याच्या आडोशाला. तू उजव्याच खांद्याने मारतोस, तेव्हा डाव्याकडे जास्त लक्ष.

सायलेन्सर काय करतो ते नीट समजून घे, म्हणजे त्याच्यावर किती भरवसा ठेवायचा ते कळेल. आत एकामागोमाग पडदे असतात, मध्ये गोळी जाण्यापुरतं भोक. नळीतून गोळीमागे सुटलेला तापलेला वायू त्या कप्प्यांत अडतो, पसरतो, थंडावतो आणि हळू बाहेर पडतो. बुलेट मोटरसायकलच्या धुराड्याचंही तत्त्व हेच. बंदुकीच्या सायलेन्सरमागचा माणूस हायरम पर्सी मॅक्सिम. त्याचं पेटंट त्याला १९०९ साली मिळालं. त्याचा बाप मॅक्सिम मशिनगनवाला, आणि तोफा-बंदुकांच्या चाचण्या घेता घेता तो बाप जवळजवळ बहिरा झालेला.

चांगला सायलेन्सर २० ते ३० डेसिबल कमी करतो. १६५ मधून ते वजा कर: १३५ ते १४५. म्हणजे मर्यादेच्या आसपास, तिच्या खूप खाली नाही. शिवाय तो फक्त वायूचा आवाज दाबतो. .३०८ ची गोळी सेकंदाला ८०० मीटरच्या वर धावते, आवाज ३४० च्या आसपास, त्यामुळे वाटेत गोळीचा स्वतःचा कडाका होतोच, त्यावर सायलेन्सरचा इलाज नाही. पहिला बार पुढच्यांपेक्षा मोठा वाजतो, कारण आतल्या हवेतल्या ऑक्सिजनने थोडी दारू तिथेच पेटते. शिकारीत बहुतेक वेळा पहिलाच बार असतो, हे विसरू नकोस. पॉइंट टू-टूची सबसॉनिक, म्हणजे आवाजाहून हळू जाणारी काडतुसं सेकंदाला ३२० मीटरच्या आसपास जातात, तिथे कडाका नसतो. सशावर सायलेन्सरसह ती वापरताना कान उघडा राहिला तर मी फार चिडणार नाही. बाकी कशालाही नाही.

नळीच्या तोंडाला सायलेन्सरऐवजी मझल ब्रेक लावलेला दिसला तर सावध हो. धक्का कमी व्हावा म्हणून तो वायू बाजूला आणि मागे फेकतो, त्यामुळे मारणाऱ्याच्या आणि त्याहून जास्त शेजारच्याच्या कानावर कित्येक डेसिबल वाढीव पडतात. असली रायफल शेजारी असेल तर कानात घालायची बोंडं आणि वरून कान झाकणारा मफ दोन्ही चढव आणि मागे सरक.

सायलेन्सर दुसऱ्याचा असेल तरी चढवण्याआधी तूच बघ. रायफल रिकामी, बोल्ट मागे, चेंबरमध्ये बोट घालून खात्री. मग त्यावर कोणत्या कॅलिबरचं नाव कोरलंय ते वाच. पॉइंट टू-टूचा हलका सायलेन्सर .३०८ वर लावला तर फुटतो. नळीची आणि सायलेन्सरची आटी एकच असली पाहिजे. दोन बोटांनी फिरवून तो सहज शेवटपर्यंत गेला पाहिजे, जोर लागला की थांब, आटी वेगळी आहे किंवा घाण अडकली आहे. नळीवर आटीमागे जी कड असते तिला तो पूर्ण टेकला पाहिजे, फट राहता कामा नये. तो किंचित वाकडा बसला तरी गोळी आतल्या पडद्याला घासते, पडदा फाटतो, नेम तर जातोच. एक सरळ गज नळीतून घालून तो पुढच्या भोकाच्या मधोमध निघतोय का ते पाहायची पद्धत आहे, दुकानदाराकडून ती शिकून घे. पाच-सहा बारांनंतर हाताने ताण देऊन बघ, गरम झाल्यावर आटी सुटते. हात लावण्याआधी मात्र थांब, आठ-दहा बारांत तो चटका बसण्याइतका तापतो.

सायलेन्सर चढवला की गोळी लागण्याची जागा बदलते. तो लावूनच निशाणा जुळव आणि मग काढून मारू नकोस. घरी आल्यावर मात्र काढून ठेवायचा. जळालेल्या दारूची काजळी आणि आत जमलेला ओलावा मिळून नळीचं तोंड गंजवतात, तिकडच्या दमट हवेत तर लवकरच. नळीच्या तोंडाला तेलाचा पातळ हात द्यायचा, सायलेन्सर उभा ठेवून वाळू द्यायचा. पॉइंट टू-टूच्या सायलेन्सरमध्ये शिसं साचतं, म्हणून तो उघडून साफ करता येईल असाच घ्यावा. आणि इकडे येताना तो सामानात नकोच. आपल्याकडच्या शस्त्र कायद्याने तो चालत नाही.

आता कान. आजी म्हणते, "कापसाचे बोये घाल म्हना त्याले कानात." कापूस आपल्या घरचा असला तरी याला उपयोगाचा नाही, जेमतेम पाच-सात डेसिबल अडतात. वर कान झाकल्यासारखं वाटून माणूस बिनधास्त होतो, ते जास्त वाईट.

फोमची बोंडं स्वस्त आहेत आणि नीट बसली तर मफपेक्षाही सरस. नीट बसणं हीच अडचण. पाकिटावर ३३ छापलेलं असतं, घाईने कोंबलेल्या बोंडाचे १५ मिळाले तरी नशीब. हात कोरडे आणि स्वच्छ. बोंड दोन बोटांत हळूहळू वळून बारीक कर, सुरकुती पडता कामा नये, सुरकुतीतून आवाज शिरतो. दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढ, म्हणजे कानाची वाकडी नळी सरळ होते. मग बोंड आत सरकव आणि बोटाने २०-३० सेकंद दाबून धर. थंडीत फोम फुगायला वेळ लागतो, म्हणून आधी खिशात ऊब दे. बसलं की नाही ते तपास: आरशात समोरून पाहिलं तर बोंड कानाबाहेर डोकावायला नको, आणि स्वतःचा आवाज डोक्यात घुमल्यासारखा जड लागला पाहिजे. दोन्ही तळव्यांनी कान झाकून बघ. झाकल्यावर बाहेरचा आवाज आणखी बराच कमी झाला तर बोंड नीट बसलेलं नाही, काढून पुन्हा घाल. काढताना झटका नाही, पिळत हळू.

मफचं दुखणं वेगळं. चष्म्याची जाड दांडी, लोकरीची टोपी, वाढलेले केस, यांतलं काहीही गादीखाली आलं की फट पडते आणि बरेच डेसिबल आत येतात. तू टोपी घालतोस, म्हणून टोपी मफच्या वरून घाल किंवा मानेमागून पट्टा येणारा मफ घे. दुसरं असं, दस्त्यावर गाल टेकवला की जाड मफची खालची कड दस्त्याला लागून उचलली जाते, नेमक्या बाराच्या क्षणी. रायफलीसाठी पातळ वाट्यांचा मफ घ्यायचा. घामाने गाद्या कडक होतात, तडकतात. दर सहा महिन्यांनी बोटाने दाबून बघ, मऊ नसतील तर बदल.

शिकारी लोक कान उघडे का ठेवतात ते मला कळतं. पाचोळ्यात पाय वाजला तर ऐकू यायला हवा, मागून साथीदार हळू बोलला तर ऐकू यायला हवं. मग हरीण दिसतं, मफ गळ्यात असतो, आणि "एकच तर बार आहे" म्हणून बार निघतो. कान जातात ते बहुधा अशा एकेका बाराने. यावर इलाज इलेक्ट्रॉनिक मफ. त्यात माइक असतात, बारीक आवाज ते वाढवून ऐकवतात आणि ८२-८५ डेसिबलच्या वरचा आवाज माइकमधून आत सोडत नाहीत. गाडीतून उतरलास की ते कानावर चढव, परत गाडीत बसेपर्यंत काढू नकोस. पेन्सिल सेलची एक जादा जोडी खिशात. सेल संपला तरी मफ म्हणून तो कान झाकतोच, फक्त ऐकू येणं बंद होतं, आणि नेमकं तेव्हाच माणूस तो काढून ठेवतो.

रेंजवर निशाणा जुळवताना, जिथे ओळीने वीस-तीस बार होतात, तिथे बोंडं आणि वर मफ असं दुहेरी घाल. दोघांची बेरीज होत नाही, मोठ्या आकड्यात पाचेक डेसिबलच वाढतात, पण एकात फट राहिली तर दुसरं सांभाळतं. पत्र्याच्या शेडखाली, गाडीच्या खिडकीतून किंवा कड्याला लागून मारू नकोस. आवाज परतून पुन्हा कानावर येतो.

दुसऱ्याच्या बारालाही हेच. बाजूला किंचित पुढे उभ्या असलेल्या माणसाला मारणाऱ्यापेक्षा जास्त बसतो. मारणाऱ्याच्या मागे राहा. दोघांत ठरवून घ्या: मारणारा आधी "कान" म्हणेल, दुसरा हात वर करेल, मगच चाप.

इतकं करूनही बारानंतर कानात शीळ वाजली किंवा कान बंद झाल्यासारखा वाटला तर त्या दिवशीची शिकार संपली. शांत जागी बस, इअरफोन नको, रात्री पार्टीला जाणं नको. दुसऱ्या दिवशी सकाळीही शीळ असेल, किंवा एका कानाने कमी ऐकू येत असेल, तर त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरकडे. असल्या दुखापतीत औषध लवकर सुरू झालं तर उपयोग होण्याची शक्यता असते, आठवडा घालवला तर ती बरीच कमी होते. लसूण घालून कोमट केलेलं तेल मात्र कानात सोडू नकोस. पडदा फाटलेला असेल तर ते थेट मधल्या कानात जाईल.

मार्चमध्ये नर हरणं हुंकारायला लागतील, त्याआधी कान तपासून घे. तपासणीआधी १६ तास बार, मोठा आवाज, हेडफोन काही नको, नाहीतर आकडे खोटे येतात. ३००० आणि ६००० हर्ट्झ पण घ्या असं तिथे स्वतःहून सांग, बऱ्याच ठिकाणी ते गाळतात. कागदाचा फोटो आईला पाठव, दोन्ही कानांच्या रेघा आणि तारीख स्पष्ट दिसेल असा. पुढच्या वर्षी याच महिन्यात पुन्हा काढ, ती दोन्ही कागद शेजारी ठेवून बघणार आहे.

तुझा
आबा