बंद होऊन राहिला का रिस्टार्ट होऊन राहिला?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी नागपुरात महालात राहते आणि गेली २२ वर्षं घरीच मराठी-हिंदी टायपिंगचं काम करते. लग्नपत्रिका, कोर्टाची प्रतिज्ञापत्रं, विद्यापीठातल्या मुलांचे प्रबंध. एप्रिल-मे म्हणजे आमचा हंगाम, लग्नं आणि प्रबंध दोन्ही एकदमच अंगावर येतात. नेमका त्याच दिवसांत माझा कॉम्प्युटर आपोआप रिस्टार्ट व्हायला लागला. टाइप करता करता स्क्रीन काळी, पंख्याचा आवाज गपकन थांबतो, टक् असा आवाज येतो आणि परत कंपनीचा लोगो. कधी दिवसातून एकदा, कधी चारदा. तेव्हा हातात काटोल-नरखेडकडच्या संत्रा बागायतदारांच्या कर्जावरचा प्रबंध होता, तक्त्यांसकट १८० पानं. वर्ड आपणहून दर १० मिनिटांनी फाइल वाचवून ठेवतं, पण माझ्या हाताच्या वेगात १० मिनिटं म्हणजे एक पान. ते पान मी एका सकाळी तीनदा टाइप केलं. शेवटी ती वेळ २ मिनिटांवर आणली, हे सगळ्यात आधी करायला हवं होतं.

कॉम्प्युटर २०१७ सालचा, सहाव्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर असलेला. पहिल्या दुकानात नेला तर काउंटरवरच्या मुलानं कॅबिनेट उघडलंसुद्धा नाही. "काकू, विंडोज १० बंद झालं ना, म्हणून होऊन राहिलं असं. फॉरमॅट मारावं लागते." विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला हे खरं. पण सपोर्ट संपला म्हणजे सुरक्षेचे नवे अपडेट येणं थांबलं, मशीन टकाटका रिस्टार्ट व्हायला लागत नाही. हे मला आता कळतं, तेव्हा कळलं नव्हतं. ६०० रुपये दिले. फॉरमॅटमध्ये माझे कृतिदेवचे फॉन्ट गेले आणि २२ वर्षांत जमवलेले शॉर्टकट गेले. 'प्रतिज्ञापूर्वक कथन करतो की' हे मी तीन अक्षरांत टाइप करायची. विंडोज ११ टाकून द्या म्हटलं तर म्हणे तुमच्या मशीनवर चालत नाही, आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो, नवीनच घ्या, ३२ हजारांत बसवून देतो. त्यातलं आठव्या पिढीचं तेवढं बरोबर होतं.

दुकानात मशीन दोन दिवस एकदाही रिस्टार्ट झालं नाही. घरी आणलं, लावलं, दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेसातला टक्. सगळ्या गोष्टीची किल्ली इथेच होती हो, पण माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

दुसऱ्या दुकानात जरा शिकलेले गृहस्थ होते. त्यांनी इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडून लाल फुलीची एक नोंद दाखवली: कर्नल-पॉवर, ४१ नंबर. "बघा, कर्नल गेलं. मदरबोर्ड बदला, ५,२०० लागतील." माझा भाचा पुण्यात कॉम्प्युटरच्याच नोकरीत आहे. त्याला फोनवर सांगितलं तर तो खो-खो हसला. ४१ ची नोंद म्हणजे 'मागच्या वेळी मला नीट बंद केलं नव्हतं' एवढीच विंडोजची तक्रार. का बंद पडलं ते त्यात नसतं. त्या नोंदीच्या तपशिलात 'बगचेक कोड' पाहा म्हणाला. माझ्याकडे तो शून्य होता, म्हणजे विंडोजच अडकून चुकीची निळी स्क्रीन येऊन पडलेलं दिसत नाही, आधी विजेकडे बघ. त्यानं आणखी एक करायला लावलं. ॲडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्जमध्ये 'स्टार्टअप अँड रिकव्हरी' आहे, तिथली 'ऑटोमॅटिकली रिस्टार्ट'समोरची खूण काढून टाकली. ती खूण कंपनीकडूनच लावलेली येते. त्यामुळे निळ्या स्क्रीनवरची चूक वाचायच्या आतच मशीन पुन्हा सुरू होतं आणि आपल्याला वाटतं की आपोआप रिस्टार्ट झालं. खूण काढली की निळी स्क्रीन आपण वाचेपर्यंत थांबून राहते. माझ्याकडे ती आलीच नाही. सरळ अंधार आणि टक्. ५,२०० रुपये मी दिले नाहीत.

मग मी बायकांची जुनी युक्ती केली. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दूध किती घेतलं ते लिहितो, सिलिंडर कधी लावलं ते लिहितो, तिथेच मशीन किती वाजता पडलं ते लिहायला लागले. ६.४५. ६.५०. दुपारी १.१०. ६.४०. आमचे हे म्हणाले, मुहूर्त काढून राहिली का? बारा दिवसांनी एक रिकामा चौकोन दिसला. त्या दिवशी पाइपलाइनच्या दुरुस्तीमुळे नळच आले नव्हते, आणि त्या सकाळी मशीन एकदाही पडलं नव्हतं.

नळ आले की आम्ही खालच्या टाकीतून वरच्या टाकीत पाणी चढवायला अर्ध्या एचपीची मोटर लावतो. (मोटर टाकीवर आहे, थेट नळाला नाही. मनपाचे लोक हे पत्र वाचणार असतील तर नोंद घ्यावी.) आणि दुपारी एकच्या सुमारास मी कूलर लावते.

गल्लीतल्या वायरमन काकांना बोलावलं. वय सत्तरीच्या आसपास, कॉम्प्युटरला त्यांनी आयुष्यात हात लावला नसेल. दारातच त्यांनी विचारलं, "काय हो, बंद होऊन राहिला का रिस्टार्ट होऊन राहिला?" दोन दुकानं, ६०० रुपये आणि तीन आठवडे गेले होते, पण हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. त्यांचं म्हणणं असं, की चालता चालता बंद होऊन तसाच पडून राहत असेल तर तापून राहिला, पंखा पाहा. आणि बंद होऊन लगेच उठत असेल तर करंट खाली-वर होऊन राहिला. भाचा म्हणतो हे शंभर टक्के धरू नका, सैल बसलेली रॅम किंवा अडकलेलं रिसेटचं बटणसुद्धा असंच करतं. बरोबर आहे. पण सुरुवात कुठून करायची, ते काकांच्या प्रश्नानं कळतं.

त्यांनी मीटरच्या पिना कॉम्प्युटरच्या सॉकेटमध्ये घातल्या. २२४ व्होल्ट. मला म्हणाले, मोटर लावा. आकडा झपकन १७० वर गेला आणि परत आला. शेजारच्या काकूंकडे मोटर असते, तिथे असं होत नाही. म्हणजे चूक बाहेरच्या विजेत नव्हती, आमच्याच घरात होती.

इथे एक कबुली देते. महिनाभर त्या खोलीत सडक्या मासळीसारखा वास येत होता. आमचं घर शाकाहारी. मी मांजरीवर संशय घेतला, कपाटामागे झाडून काढलं, फिनाइल टाकलं. काकांनी मेन बंद करून बोर्ड उघडला आणि वास सरळ तोंडावर आला. न्यूट्रलचा, म्हणजे करंट परत जायच्या वायरचा, स्क्रू सैल झालेला. खालचं पितळ काळं-निळं पडलेलं, वायरचं प्लास्टिक तळलेल्या पापडासारखं तपकिरी आणि फुगलेलं. बोटानं दाबलं तर त्याचा भुगा झाला. सैल सांध्यातून मोटरचा जोराचा करंट गेला की तो तापतो, त्याच लाइनवरच्या बाकीच्यांचा व्होल्टेज खाली ओढला जातो, आणि तापलेलं प्लास्टिक मासळीसारखा वास देतं. कॉम्प्युटर बिचारा आम्हाला महिनाभर सांगत होता, आम्ही त्यालाच फॉरमॅट केलं. वायर कापून नवी जोडली, मजुरी २५०.

आता तुम्ही विचाराल, वीज गेली की बॅटरीवर चालवणारा यूपीएस नव्हता का? होता ना. त्यातली १२ व्होल्ट, ७ ॲम्पिअर-अवरची बॅटरी २०१९ ची होती. अशी बॅटरी साधारण तीन वर्षं चालते, आणि नागपूरच्या उन्हाळ्यात टेबलाखाली कोंडून ठेवली तर तेवढीही नाही. व्होल्टेज पडला की यूपीएस टक् करून बॅटरीवर जायचा, बॅटरीत काही नसायचं, मशीन खाली. म्हणजे जो वाचवायला ठेवला होता तोच पाडत होता. तपासायला सोपं आहे: सगळं काम सेव्ह करा, कॉम्प्युटर चालू असताना यूपीएसचं बटण भिंतीवर बंद करा. कॉम्प्युटर त्याच क्षणी गेला तर बॅटरी गेली आहे. नवी १,०५० ला मिळाली.

एवढं करूनही आठवड्यातून एकदा ते पडायचंच. शेवटचा आरोपी एसएमपीएस निघाला, म्हणजे कॅबिनेटमधली वीज वाटणारी डबी. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं. यूपीएस लाइनवरून बॅटरीवर जाताना काही मिलिसेकंद मध्ये रिकामे जातात. चांगली डबी तेवढा वेळ आपल्या कपॅसिटरमधल्या साठ्यावर काढते. नऊ वर्षं तापलेल्या कपॅसिटरांत तो साठाच उरत नाही. ही डबी मात्र कोणी घरी उघडू नये, वायर काढल्यावरही आत वीज शिल्लक असते. सीताबर्डीच्या बाजारातून बदलून आणली, १,९०० रुपये.

कॅबिनेट उघडलेलंच होतं म्हणून प्रोसेसरवरचा पंखाही काढून पाहिला. पंखा आणि जाळी यांच्यामध्ये धुळीची अख्खी गोधडी. कॉम्प्युटर मी कूलरसमोर ठेवला होता, त्याला गार वाटावं म्हणून. कूलर ओल आणि धूळ दोन्ही त्याच्या पोटात भरत होता. ब्लोअर मारताना पंख्यात पेन्सिल अडकवून तो धरून ठेवावा, नाहीतर वाऱ्यानं भलत्याच वेगानं फिरून बिघडतो. जागा बदलली. अर्थात माझ्या रोगाचं कारण ते नव्हतं.

आता विनंती. दुरुस्तीवाल्यांनी बिलावर नुसतं 'सर्व्हिसिंग' न लिहिता काय बिघडलं होतं आणि ते कशावरून ठरवलं, हे मराठीत एका ओळीत लिहावं. काढलेला जुना भाग गिऱ्हाइकाला परत द्यावा. फॉरमॅट मारण्याआधी गिऱ्हाइकाला वहीत सही करायला लावावी, की तुमचे फॉन्ट, फाइली, शॉर्टकट सगळं जाणार आहे. माझ्यासारख्या बाईचा धंदा त्या शॉर्टकटांत असतो. आणि आपल्या वाचकांपैकी ज्यांच्या घरात मासळी शिजत नसताना मासळीचा वास येत असेल, त्यांनी मांजरीला सोडून आधी वायरमनला बोलवावं.

पत्र लांबलं याची कल्पना आहे. जागा कमी असेल तर फॉरमॅटचा परिच्छेद कापा, पण काकांचा प्रश्न तेवढा ठेवा.

आपली,
एक टंकलेखिका
महाल, नागपूर