हनुवटी शिकवणाऱ्या सरांना

आदरणीय सर,

सादर नमस्कार.

आपले नाव कोठे छापून आलेले आपल्याला खपत नाही, म्हणून ते येथे लिहीत नाही. आभार मात्र चारचौघांतच मानायचे ठरवले आहे, त्याबद्दल रागावू नये.

बावीस वर्षे मी पॅकेजिंगची आर्टवर्क्स केली. साबण, केशतेल, बिस्किटे. वेष्टनावरच्या चेहऱ्यांवरील सुरकुत्या, डाग आणि नाकपुडीजवळची लाली संगणकावर पुसून टाकणे हे माझे रोजचे काम होते, आणि त्यावर माझा हात चांगला बसला होता. सेहेचाळिसाव्या वर्षी नोकरी सोडून तैलरंग हाती घेतले, तेव्हा इतकी वर्षे पुसलेले सारे एकदम भरून काढावे अशा ईर्ष्येने मी वारीतल्या म्हाताऱ्यांचे चेहरे रंगवू लागले. हायपररिअलिझम, म्हणजे छायाचित्राइतके बारकाईचे हुबेहूब चित्रण, म्हणजे सुरकुत्याच, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. तीन चित्रे घेऊन मी कोल्हापूरला आपल्याकडे आले. आपण ती भिंतीला टेकवून बराच वेळ पाहिलीत आणि म्हणालात, "सुरकुतीला धरायला रेघ असते, बाई. विशीतल्या पोरीची हनुवटी काढून आणा."

त्या हनुवटीने माझे अकरा महिने घेतले. अमेरिकन चित्रकार चक क्लोज यांचे १९६७-६८ मधले, जवळजवळ नऊ फूट उंचीचे आत्मचित्र माझ्या डोळ्यांपुढे होते. त्यांच्याप्रमाणेच मी भाचीच्या छायाचित्रावर चौकटी आखल्या आणि एकेक चौकट कॅनव्हासवर उतरवली. मोजमापाला ते बिनचूक उतरले, पण हनुवटी प्लास्टिकची दिसत होती. "तुम्हाला फोटो रंगवायचाय का पोरगी?" असे आपण विचारलेत. क्लोज यांना छायाचित्रच रंगवायचे होते, म्हणून तर कॅमेऱ्याच्या भिंगाने धूसर केलेले भागही त्यांनी तसेच धूसर ठेवले. मला मात्र भाची हवी होती. हा फरक मला त्या प्रश्नापर्यंत जाणवलाच नव्हता.

मग दर शनिवारी पहाटेच्या एसटीने स्वारगेटहून निघायचे, परीक्षा नसेल तेव्हा भाचीलाही सोबत आणायचे आणि आपल्या उत्तरेकडच्या खिडकीशी तिला बसवायचे, असा क्रम सुरू झाला. पहिल्याच शनिवारी आपण माझ्या पेटीतली काळ्या रंगाची ट्यूब काढून स्वतःच्या खिशात टाकलीत. छपाईच्या चार शाईंत काळी शाई असतेच, त्यामुळे सावली आली की काळे वाढवायचे ही माझी सवय होती. आपण अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबर मिसळून दाट सावली करून दाखवलीत, आणि मग हनुवटीखाली ती तरी कोठे आहे असे विचारलेत. खरोखरच नव्हती. छायाचित्रात जेथे नुसता काळोख होता, तेथे गळ्यावरून परतलेला उजेड मंद तांबूस होऊन पसरला होता. त्या दिवशी आपण चित्रकार हळदणकरांच्या, म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातल्या, दिवा धरलेल्या स्त्रीच्या चित्राबद्दल तासभर बोललात: ज्योतीवर आड धरलेली बोटे कडेला लाल का दिसतात, म्हणजेच प्रकाश त्वचेवर थांबत नाही, आत शिरून बाहेर येतो, आणि हे त्यांनी जलरंगात साधले! माझ्याकडे तर तैलरंग होते, सबब सांगायला जागाच उरली नाही.

त्यानंतर करड्या रंगाच्या पायावर जवसाच्या तेलात पातळ केलेल्या रंगाचे थर चढवत गेले. प्रत्येक थर वाळेपर्यंत थांबायचे, आणि हे थांबणे, उद्या सकाळी आर्टवर्क द्या म्हणणाऱ्यांत आयुष्य घालवलेल्या मला सर्वांत जड गेले. भाचीच्या हनुवटीवर मुरमाचा एक जुना, जेमतेम मोहरीएवढा खळगा आहे. तो मी दोनदा नकळत बुजवला. दोन्ही वेळा आपण काही न बोलता ब्रशच्या मागच्या टोकाने त्या जागी बोट दाखवावे तसे दाखवलेत.

शिकवणीचे पैसे आपण घेतले नाहीत. मी आणलेली तेलाची बाटली तेवढी ठेवून घेतलीत, तीही अर्धी मलाच परत दिलीत.

चित्र पूर्ण झाले आहे. वार्निश चढवायला अजून सहा महिने तरी आहेत. त्याआधी एकदा पुण्याला येऊन डाव्या कानाची पाळी पाहून जावी, अशी विनंती आहे; ती मला अजून थोडी थंड वाटते.

आपली विद्यार्थिनी