चि. प्रसादला, नव्या घरातील स्वयंपाकघराच्या आखणीविषयी

सोलापूर

चि. प्रसाद यास आईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

जुळे सोलापुरातील फ्लॅटच्या स्वयंपाकघराचा जो नकाशा तू पाठवलास, तो मी मोठ्या कागदावर छापून आणवला आणि सावकाश पाहिला. रंगसंगती चांगली आहे, कपाटेही भरपूर आहेत. परंतु नकाशा काढणाऱ्याने स्वयंपाकघरात एका वेळी एकच माणूस उभे राहील असे गृहीत धरलेले दिसते, आणि तुमच्या घरात तसे क्वचितच घडेल. सकाळी साडेसहा ते आठ या वेळात अनघा भाजी फोडणीला टाकून डबे भरत असेल, तू चहा आणि मुलांचे दूध बघत असशील, मी भाकरी थापत असेन आणि मुले पाण्याच्या बाटल्या घेऊन आत-बाहेर करत असतील. म्हणून कपाटांचा रंग आणि टाइल्स ठरवण्याआधी कोण कोठे उभे राहणार आणि कोणाला कोणाच्या मागून जावे लागणार, एवढी एक गोष्ट तुम्ही दोघांनी बसून ठरवावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

शेगडी, सिंक आणि फ्रिज यांना जोडणारा जो त्रिकोण त्या नकाशावर लाल रेघेने काढला आहे, तो नियम १९४० च्या दशकात अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात मांडला गेला. त्याच्याही आधी, १९२६ मध्ये, जर्मनीतील फ्रँकफर्ट शहराच्या नव्या वसाहतींसाठी मार्गारेटे श्युटे-लिहोट्स्की या वास्तुविशारद बाईंनी जेमतेम १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब असे स्वयंपाकघर आखले होते, आणि त्यात बाईचे एकही पाऊल वाया जाऊ नये याचा फार बारकाईने विचार केला होता. ही दोन्ही कामे मोलाची आहेत आणि त्रिकोणाची प्रत्येक बाजू चार ते नऊ फुटांच्या दरम्यान असावी हे मापही उपयोगाचे आहे. मात्र दोन्हींच्या मुळाशी घरात एकटीच राबणारी गृहिणी आहे. जेथे तिघे-चौघे एकदम कामाला लागतात, तेथे त्रिकोणाच्या रेघेला दुसऱ्या माणसाची वाट छेदून जात नाही ना, हे आधी पाहावे लागते. तुझ्या नकाशात फ्रिज अगदी आत, पश्चिमेच्या खिडकीशेजारी आहे. दुधाची पिशवी काढायला जाणारा प्रत्येक जण उकळत्या आमटीसमोर उभ्या असलेल्या माणसाच्या पाठीमागून जाणार, आणि उन्हाळ्यात दुपारचे ऊन त्याच फ्रिजवर पडणार.

तुमची खोली आठ फूट रुंद आणि अकरा फूट लांब आहे. समोरासमोर दोन फूट रुंदीचे दोन ओटे केले, तर मध्ये चार फुटांची मोकळी वाट उरते आणि दोन माणसे पाठीला पाठ न लागता काम करू शकतात. एका ओट्यावर शेगडी आणि सिंक असावे, सिंक ड्राय बाल्कनीच्या टोकाला, म्हणजे घासायची भांडी सरळ बाहेर जातील. समोरच्या ओट्याच्या दाराकडील टोकाला फ्रिज, त्याला लागून पिण्याच्या पाण्याची जागा आणि त्यापुढे चहा, दूध व डब्यांसाठी तीन-चार फूट मोकळा ओटा ठेवावा. मुले दारातून दोन पावले आत आली की त्यांना पाणी आणि दूध मिळेल, शेगडीपर्यंत त्यांनी जाण्याचे कारणच उरणार नाही. तुझे सकाळचे काम याच ओट्यावर व्हावे. तेथे एक इंडक्शन शेगडी ठेवलीस तर चहासाठी अनघाला तिचा तवा उतरवावा लागणार नाही. फक्त अशी शेगडी दोन हजार वॅटपर्यंत वीज घेते, म्हणून तिच्यासाठी सोळा अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट वायरमनला आताच सांगून ठेव. मिक्सर, फ्रिज आणि पाण्याच्या फिल्टरचे पॉइंटही वेगवेगळे हवेत आणि सिंकपासून दूर हवेत.

ओट्याच्या उंचीविषयी मला थोडे सविस्तर लिहावेसे वाटते, कारण नकाशात सरसकट छत्तीस इंच लिहिले आहे आणि ते आपल्या घरातील बायकांच्या मापाचे नाही. हात कोपरात काटकोनात वाकवून उभे राहावे आणि कोपराच्या चार ते सहा इंच खाली ओटा यावा, ही साधी पद्धत आहे. तिच्याप्रमाणे अनघाला चौतीस इंच योग्य ठरेल. त्यातही शेगडीची स्वतःची उंची चार-पाच इंच असते आणि तिच्यावर मोठा कुकर चढला की छत्तीस इंचांच्या ओट्यावर आतले पाहण्यासाठी टाचा उंच कराव्या लागतात.

भाकरीची गोष्ट तर आणखी वेगळी आहे. परातीत पीठ मळताना तळहाताच्या टाचेने सगळा जोर खाली द्यावा लागतो. ओटा उंच असला की तो जोर खांद्यातून काढावा लागतो आणि चार भाकऱ्यांतच मान अवघडते. थापून झालेली भाकरी दोन्ही हातांवर अलगद उचलून तव्यावर टाकायची, वरच्या बाजूने पाण्याचा हात फिरवायचा, पाणी सुकत आले की उलटायची आणि शेवटी तवा बाजूला करून आचेवर फुगवायची. या साऱ्यात परात आणि तवा यांच्यामध्ये एक पाऊलही टाकावे लागू नये. यासाठी शेगडीला लागूनच अडीच फुटांचा भाग एकोणतीस-तीस इंच उंचीचा करून घ्यावा आणि त्याखाली ट्रॉली न बसवता स्टूल सरकवण्याएवढी जागा मोकळी सोडावी. मी तेथे उभी राहून थापीन, पाय दुखले तर बसून भाजी चिरीन, आणि नातवंडांना शेंगा सोलायला किंवा पोळी लाटायला शिकवायचे झाले तर त्यांचेही हात तेथे पोहोचतील. सुतार म्हणेल की ओट्याची सलग रेघ तुटते. तुटू द्यावी, सोलापुरातल्या घरात रोजची भाकरी होणार आहे.

पाण्याचा विचार पुण्यातल्या सवयीने करू नकोस. येथे नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांच्या अंतराने येते, त्यामुळे पिण्याचे पाणी भरून ठेवण्याची जागा नकाशात पहिल्यापासून असावी. आरओ, म्हणजे पाणी शुद्ध करणारे यंत्र, बसवणार असाल तर त्यातून वाया जाणाऱ्या पाण्याची नळी सिंकमध्ये न सोडता ड्राय बाल्कनीतील बादलीपर्यंत न्यावी. ते पाणी फरशी पुसायला आणि भांड्यांच्या पहिल्या धुण्याला चालते. आरओ पाण्याच्या ओट्यावर आणि बादली बाल्कनीत असल्यामुळे ही नळी भिंतीतून काढावी लागेल. हे आताच सांगितले नाही तर टाइल्स बसल्यावर प्लंबर ती वरून काढेल आणि ती कायम डोळ्यांत खुपेल.

एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा चिमणी असली तरी एक्झॉस्ट पंखा उंचावर हवाच. शेगडी खिडकीच्या समोर येऊ देऊ नका, वाऱ्याने ज्योत हलते किंवा विझते. सिलिंडर ओट्याखाली ठेवणार असाल तर त्या कपाटाच्या दाराला जमिनीलगत जाळी ठेवावी. हा गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे गळती झाली तर तो खाली साचतो आणि बंद कपाटात त्याला बाहेर पडायला वाट मिळत नाही. नळी ट्रॉल्यांच्या मागे दडून जाऊ नये, कारण ती अधूनमधून तपासावी लागते आणि पाच वर्षांनी बदलावी लागते.

साठवणीचे फार लिहीत नाही. रोज लागणारे मसाल्याचा डबा, तेल, पीठ आणि तवा हे शेगडीपासून हाताच्या अंतरावर, आठवड्याचे ट्रॉल्यांमध्ये, आणि वर्षाची ज्वारी, शेंगदाणे, पापड-कुरडया स्वयंपाकघराच्या बाहेर, मधल्या खोलीच्या माळ्यावर किंवा कोठीत. मंगळवेढ्याची ज्वारी आपण वर्षाची एकदम भरतो, तिच्या पिंपासाठी ओट्याखालची मोक्याची जागा अडवू नये. ओट्याखाली दाराच्या कपाटांपेक्षा पूर्ण बाहेर येणारे खण बरे, मागचे भांडे काढायला गुडघे टेकावे लागत नाहीत. सिंकखालचे काम मात्र पाण्याला टिकणाऱ्या मरीन प्लायचेच घ्या. दाबून केलेला भुशाचा बोर्ड स्वस्त पडतो, पण पाणी लागले की फुगतो. पैसे कमी पडले तर वरची चकचकीत दारे साधी करा, प्लाय आणि खणांच्या पट्ट्यांत काटकसर नको.

फ्लॅट अजून रिकामा आहे, याचा फायदा घ्या. येत्या रविवारी तुम्ही चौघे येणारच आहात, तेव्हा खडू आणि मोजपट्टी घेऊन तेथे जाऊ. दोन्ही ओटे फरशीवर खऱ्या मापाने आखू, फ्रिजच्या आणि शेगडीच्या जागी पुठ्ठ्याचे खोके ठेवू आणि प्रत्येकाने आपापली सकाळची कामे हातात रिकामी भांडी घेऊन करून पाहावीत. अनघाची उंची ती घरात घालते त्या चपलांसह मोजू. जेथे धक्का लागेल तेथे रेघ पुसून दुसरी काढता येते. तोवर वायरमनला भिंती फोडू देऊ नकोस आणि ट्रॉलीवाल्याला पुढचा हप्ताही देऊ नकोस.

कळावे.

तुझी,
आई